‘लाजणाऱ्या बायकांचे उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

कपडा अंगात न घालता तो बसेल का हे कसं ओळखावं, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. पँटची कंबर गळ्याला लावून बघायची युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, साइजचे तक्ते ऑनलाइन मिळतात, नाही बसलं तर परत करता येतं, असं तुम्ही लिहिलंत. तेवढ्यावर थांबला असतात तर आभार मानून मी विषय संपवला असता. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, “ट्रायल रूममध्ये जायची लाज वाटणाऱ्या बायकांचे हे उद्योग.” नाव न घालता असं लिहायला फार धाडस लागत नाही.

आधी तुमचा रास्त मुद्दा. बटण लावलेली कंबर गळ्याभोवती धरली आणि टोकं मानेमागे जुळली की पँट बसते, हा हिशेब गळा कमरेच्या साधारण निम्मा असतो यावर चालतो. पोट सुटलेल्या माणसाला तो चालत नाही, इलॅस्टिकच्या कमरेलाही नाही. मान्य.

आता लाज. दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरात महाद्वार रोडला कधी आला आहात? फुटपाथवर, हातगाडीवर कपड्यांचे ढीग असतात, पाय ठेवायला जागा नसते. तिथं ट्रायल रूम कुठली आणायची? राधानगरीकडून एसटीनं आलेली बाई सासऱ्यांचा सदरा घेते, पोराची शाळेची पँट घेते, नवऱ्याचा शर्ट घेते. ज्यांच्यासाठी घ्यायचं ती माणसं घरी आहेत. तिनं सासऱ्यांचा सदरा स्वतःच्या अंगात घालून बघावा, असं म्हणणं आहे का तुमचं?

आणि समजा, वाटली एखादीला लाज. राजारामपुरीतल्या एका दुकानात मी आत कपडे बदलत असताना माझी जाऊ बाहेरून दार धरून उभी होती, कारण कडी मोडलेली होती. अशा जागी आत न जाणाऱ्या बाईला तुम्ही नावं ठेवणार? हे वाक्य लिहिण्याआधी घरातल्या एखाद्या बाईला विचारायला हवं होतंत.

माझी आई शिवाजी पेठेत घरी ब्लाउज शिवायची. त्यावर आमची शिक्षणं झाली, म्हणून हा विषय मला ऐकीव नाही. बायका मापाचं ब्लाउज घेऊन यायच्या. आई अंगाला टेप क्वचितच लावायची. ते ब्लाउज सतरंजीवर सपाट पसरून छाती, खांदा, मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई), बाही, उंची मोजायची आणि त्यावरून नवं कापायची. अंगाचं माप घेतलं तर त्यात लूज किती धरायचं हा प्रश्न उरतोच, कारण कुणाला अंगासरशी लागतं, कुणाला सैल. बसलेल्या कपड्यात ते आधीच धरलेलं असतं. हे उद्योग नव्हेत, ही शिवणकामातली रीत आहे. माझा सगळा लेख त्यावरच होता. तुम्ही बहुतेक गळ्याच्या युक्तीपाशीच थांबलात.

म्हणून पुन्हा सांगते. घरातला नीट बसणारा शर्ट बटणं लावून पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. २१ इंच भरलं तर घेर ४२. पर्समध्ये टेप ठेवा आणि दुकानातला शर्ट तसाच पसरून मोजा. पण त्याआधी एका खांद्याच्या शिवणीपासून दुसरीपर्यंतचं माप बघा. उंची, बाही, कमरेचा घेर कुठलाही शिंपी कमी करून देतो, पण खांदा उतरलेला असला तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि ते काम तो टाळतो. सैल करायचं असेल तर आत दाब, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडलाय ते शिवण उलटून बघा. सुती कपडा धुतल्यावर आटतो, तोही हिशेब धरा.

तक्त्यांचं म्हणाल तर फॉर्मल शर्टवरचा ३९, ४०, ४२ हा आकडा गळ्याचा असतो, तोही सेंटिमीटरमध्ये. कुर्त्यावरचे ४० बहुतेक वेळा छातीचे इंच असतात. आकडा तोच, अर्थ वेगळा, आणि एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता नव्हता म्हणूनच निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेला ‘इंडियासाइज’ हे थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायचं सर्वेक्षण हाती घ्यावं लागलं. तुम्हाला सगळं तक्त्यात सापडत असेल तर चांगलंच आहे.

परत करण्याबद्दल मी काही बोलत नाही. हातगाडीवाला परत घेत नाही, एवढं पुरे.

यापुढे नाव घालून लिहिलंत तरच उत्तर देईन. लेखाखाली मुंढ्याच्या मापाबद्दल विचारणाऱ्या ताईंना उद्या सविस्तर लिहिते.