१९९४ चा विश्वचषक बॅजिओने घालवला नाही

इटलीचा निवृत्त फुटबॉलपटू, आघाडीवीर रॉबर्टो बॅजिओ याच्याविषयी एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे: त्याच्या एका हुकलेल्या पेनल्टीमुळे इटलीने १९९४ चा विश्वचषक गमावला, मोक्याच्या क्षणी तो कच खात असे आणि त्या दिवसानंतर त्याची कारकीर्द संपली.

पहिला दावा सर्वांत अन्यायकारक आहे. पॅसाडिना येथील अंतिम सामना ०-० असा बरोबरीत सुटल्यावर झालेल्या शूटआउटमध्ये (दोन्ही संघांच्या पाच-पाच खेळाडूंनी आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल लावण्याच्या पद्धतीत) बॅजिओ इटलीचा पाचवा खेळाडू होता. त्याच्याआधी कर्णधार बारेसीने चेंडू गोलच्या आडव्या खांबावरून बाहेर मारला होता आणि मासारोची पेनल्टी ब्राझीलचा गोलरक्षक टाफारेलने अडवली होती. बॅजिओ पुढे आला तेव्हा ब्राझील ३-२ असा आघाडीवर होता आणि त्यांची पाचवी पेनल्टी अजून शिल्लक होती. म्हणजे त्याने गोल केला असता, तरी केवळ बरोबरी झाली असती आणि ब्राझीलला पुढच्याच फटक्यावर जिंकता आले असते. शिवाय इटली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली ती कोणाच्या बळावर, हे या मजकुरात कधीच नसते. नायजेरियाविरुद्ध दहा खेळाडूंनिशी पिछाडीवर असताना ८८ व्या मिनिटाला त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत पेनल्टीवर विजयी गोल केला. स्पेनविरुद्धचा निर्णायक गोल त्याचा, बल्गेरियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातले दोन्ही गोल त्याचे. त्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला असूनही तो अंतिम सामन्यात उतरला होता.

कच खाण्याचा आरोप तर त्याच्या इतर पेनल्टीच खोडून काढतात. १९९० मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध आणि १९९८ मध्ये फ्रान्सविरुद्ध इटली शूटआउटमध्ये हरली, पण दोन्ही वेळा बॅजिओचा फटका जाळ्यात गेला होता. १९९८ मध्येच चिलीविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत इटलीला पेनल्टी मिळाली, तेव्हा पॅसाडिनाची आठवण सोबत असतानाही ती त्यानेच घेतली आणि २-२ अशी बरोबरी करून दिली. याहून मोठे धैर्य फुटबॉलमध्ये मला फारसे दिसलेले नाही.

कारकीर्द संपल्याचे म्हणणे निव्वळ चुकीचे आहे. १९९५ मध्ये युव्हेंटससोबत आणि १९९६ मध्ये मिलानसोबत त्याने इटालियन लीग (सेरी आ) जिंकली, १९९७-९८ च्या हंगामात बोलोन्यासाठी लीगमध्ये २२ गोल केले आणि ब्रेशासारख्या छोट्या क्लबकडून खेळत २००४ मध्ये, सेरी आ मधील २०५ गोल नावावर असताना, तो निवृत्त झाला. ब्रेशाने त्यानंतर त्याची १० क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली.