खोकून हार्ट अटॅक थांबत नाही, मोठे बाबा

परवा नागपूरच्या महाल भागात गेलो तर मोठे बाबा दिवाणावर बसून घड्याळाकडे पाहत खोकत होते. सर्दीबिर्दी काही नाही, सराव चालू होता. ‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या नादी लागू नका, दर दोन सेकंदांनी जोरात खोका, जीव वाचेल’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज मोठी आईने कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवला आहे.

अरे बाप्पा! अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली असते. खोकून ती मोकळी होते का? आणि हृदयच बंद पडलं तर काही सेकंदांत शुद्ध जाते. बेशुद्ध माणूस खोकणार कसा? अमेरिकन हार्ट असोसिएशनने या ‘कफ सीपीआर’ला मान्यता देत नसल्याचं स्पष्ट सांगितलंय. मेसेज मात्र डॉक्टरांच्याच नावाने फिरतो. त्यात रतीभर खरं आहे, तेही सांगतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात त्या कॅथ लॅबमध्ये मॉनिटर लावलेल्या पेशंटचे ठोके अचानक बिघडले तर डॉक्टर कधीकधी त्याला खोकायला लावतात. पण तिथे शॉकचं मशीन हाताशी असतं. मोठ्या बाबांच्या दिवाणापाशी पानाचा डबा असतो. खोकण्यात वेळ घालवला की हृदयाचा स्नायू मरत जातो, तो परत येत नाही.

मोठ्या बाबांचे १०८ वरचे बाकीचे आक्षेप भराभर. ‘फोन पुण्यात लागतो.’ लागतो, कंट्रोल रूम तिथेच आहे. गाडी काय पुण्याहून निघते? ती जवळचीच पाठवतात. ‘पैसे उकळतात.’ सेवा मोफत आहे. ‘आत नुसता ड्रायव्हर असतो.’ २०१४ मध्ये राज्यात ९३७ गाड्यांची ही सेवा सुरू झाली ती प्रत्येक गाडीत डॉक्टर ठेवायचा, याच आखणीवर.

उशीर होतो, हे मात्र मान्य. संध्याकाळी बडकस चौकातून स्कूटर निघत नाही, तिथे एवढी गाडी कशी निघणार? म्हणून तर फोन आधी करायचा, खोकत बसायचं नाही. आणि कोणी शुद्ध हरपून पडला, श्वासही घेत नसेल, तर गाडी येईस्तोवर घरातल्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहायचं.

फ्रिजवरचा कागद उलटा केला. त्यावर मोठ्या अक्षरात १०८ लिहिलं, खाली पत्ता आणि चौकातून कुठे वळायचं ते. मोठी आई चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, “गल्लीत गाडी शिरत नाही ना रे. कोपऱ्यावर कोणाला तरी उभं करा, हेही लिही.”

लिहिलं.