‘एका मॅचची किरण’ म्हणे! जरा स्कोअरकार्ड बघा की

सोलापूरच्या दोन-तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, की क्रिकेटर किरण नवगिरे म्हणजे एका मॅचची खेळाडू, अरुणाचलच्या पोरींना धुतलं, नागालँडच्या मागच्या दारानं घुसली, इंडियाकडून फ्लॉप गेली, संपला विषय. आपल्याच जिल्ह्यातल्या पोरीबद्दल आपणच हे पुढं ढकलायचं म्हणजे कमाल आहे.

आधी अरुणाचलचं घ्या. 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना टी-20त 76 बॉलमध्ये 162 मारले, 16 सिक्स. बॉलिंग कच्ची होती, मान्य. पण टी-20त दीडशे पार करणारी ती पहिली भारतीय, त्यात पुरुषपण धरा, मग कच्च्या बॉलिंगवर बाकीच्यांनी का नाही मारले बरं? आणि पुढच्याच महिन्यात पुण्यात गहुंज्याला महिला टी-20 चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटी टीमकडून 34 बॉलमध्ये 69, समोर इंडियाच्या स्पिनर पूनम यादव, राजेश्वरी गायकवाड, बांगलादेशची सलमा खातून. पहिलाच बॉल सिक्स. त्या अरुणाचलच्या नव्हत्या ना?

मागच्या दाराचं तर हसूच येतं. महाराष्ट्राच्या टीममध्ये चान्स मिळेना म्हणून ती नागालँडला गेली. शेतकऱ्याच्या घरातली पोरगी, आधी भालाफेक-गोळाफेक करणारी, 2011 च्या फायनलमधला धोनीचा सिक्स बघून क्रिकेटकडं वळलेली, तिला घर सोडून एवढ्या लांब जावं लागतं तर तो शॉर्टकट कसला? पुढं डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे पोरींच्या आयपीएलमध्ये, यूपी वॉरियर्झकडून बॅटवर मार्करनं ‘एमएसडी 07’ लिहून उतरली आणि पहिल्याच मॅचला गुजरातविरुद्ध 53 काढले. (तेव्हा हेच लोक तिचा फोटो स्टेटसला ठेवत होते.)

आता इंडियाकडून फ्लॉप. हे खोटं नाही, उगाच वकिली करणार नाही. सप्टेंबर 2022 ला इंग्लंडमध्ये पदार्पण झालं, मग आशिया कप, मोजक्याच मॅचेस आणि रन्स नाहीत. पण मोठ्या फटक्यांची बॅटर खाली पाठवायची, चार-सहा बॉल द्यायचे आणि त्यावरून कायमचा निकाल लावायचा हे मला पटत नाही. तिला वर खेळवलं की काय होतं ते 2024 ला दिसलं, डब्ल्यूपीएलमध्ये यूपीनं ओपनिंगला पाठवलं आणि मुंबई इंडियन्सला 31 बॉलमध्ये 57 ठोकले.

राहिलं ‘संपला विषय’. ऑक्टोबर 2025, नागपूर, समोर पंजाब, आणि यावेळी अंगावर जर्सी महाराष्ट्राची, ज्या टीमात जागा नव्हती तिचीच. 34 बॉलमध्ये शतक! न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा 36 बॉलचा रेकॉर्ड मोडला, महिला टी-20 मधलं तोवरचं सगळ्यात फास्ट. 111 चं टार्गेट 8 ओव्हरमध्ये संपलं, त्यातले 106 एकट्या किरणचे, नाबाद. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला 2022 ची मॅच बॉल टू बॉल पाठ, हीच तेवढी दिसली नाही होय?