चित्र लावणाऱ्याचा पगार कोण देणार?

मराठवाड्यात चित्रकारांचा तुटवडा नाही. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. बीड-परभणीकडे शाळेत लागलेले ड्रॉइंगचे सर सुट्टीत अजून कॅनव्हास रंगवतात. गाडी अडते ती दाखवण्यापाशी. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं जातात. मिळाली की देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर फ्रेमा सांभाळत मुंबई गाठायची. ते चित्र इकडं गल्लीत कुणी बघितलेलंही नसतं.

ही रीत जुनीच. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ नंतर अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून लंडनला धाडल्या. १८६६ला तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शन-इमारतीच्या आगीत त्यातल्या बहुतेक गेल्या. १८७२पासून मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी येऊन राबले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ला लंडनमध्येच जळाल्या. लेण्यांजवळच्या आमच्या फर्दापूरच्या माणसाला त्या दाखवाव्यात, हे कुणाच्या मनातही आलं नसणार.

म्हणून माझ्या एका क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून प्रदर्शन मांडणाऱ्या, मैत्रिणीचं मला कौतुक वाटतं. ती कुठल्या गॅलरीत नोकरीला नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, मंगल कार्यालयं स्वस्तात मिळतात, तो तिचा सीझन. मालकाची पहिली अट, भिंतीला खिळा मारायचा नाही. मग मंडपवाल्याकडून पाइप आणि काळं कापड आणायचं आणि नायलॉनच्या दोरीवर फ्रेमा टांगायच्या. पावसाळी ओलीनं कागद फुगतो आणि हॅलोजन काचेवर असा चमकतो की चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. यातूनही ती एका निवृत्त सरांची दुष्काळातली जलरंग निसर्गचित्रं हिमरू हे इथलं नक्षीदार कापड विणणाऱ्यांच्या नक्षीच्या कागदांशेजारी लावते, आणि दोन्हींकडे बघायची नजर बदलते. चित्रं टांगते तीही शाळकरी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठ्यांनी वाकावं, म्हणते.

हे सगळं फुकट. बजेटमध्ये कात्री लागते ती पहिली क्युरेटरच्या मानधनाला. देणगीदार फ्लेक्सचे पैसे देतो, शाल-श्रीफळाचे देतो, स्मृतिचिन्हाचे तर आनंदानं देतो, कारण तिथं नाव छापून येतं. टेम्पोच्या भाड्यावर नाव कुठं छापणार?

बरं, तिला बोलावणाऱ्या कलासंस्था तरी कुठं धडधाकट आहेत? पाच-सात माणसं आणि वर्गणी, एवढंच भांडवल. संस्थापक सर गेले की विश्वस्त बदलाचा अर्ज मंजूर होईपर्यंत बँकेत सही कुणाची, यावरच वर्ष जातं. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७मध्ये कला आणि संस्कृती चक्क लिहिलेली आहे, म्हणजे संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यातल्या मोठ्या कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, इकडं येऊ शकतो. पण त्यासाठी आयकर खात्याच्या १२ए, ८०जी नोंदण्या, शिवाय २०२१पासून सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी. ज्या संस्थेची वर्षाची वर्गणी सीएच्या फीमध्येच संपते, ती हे कागद कधी गोळा करणार? कंपनीलाही शाळेला बाक दिलेले परवडतात, फोटो चांगला येतो.

कुणी म्हणतं, दुष्काळी भाग, पोटाची पडलेली, तिथं चित्रांचं काय घेऊन बसलात. हे मला पटत नाही. ह्याच गावांत अखंड हरिनाम सप्ताह लोकवर्गणीवर होतात, गावजेवणं उठतात, आणि कीर्तनकाराचं मानधन कुणाला खटकत नाही. माणसं आपल्या मानलेल्या गोष्टीला पैसा देतातच. प्रदर्शन त्यांना अजून आपलं वाटत नाही, कारण बघायलाच मिळत नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सवातही नाच-गाण्याला मंच मिळतो, चित्रांच्या भिंतीची कुणाला आठवण होत नाही.

मला मोठं कलादालन नको. जिल्ह्याच्या ठिकाणी एक कोरडी खोली, फ्रेमा अडकवायला पट्टी आणि बरे दिवे एवढं नगरपालिकेनं दिलं तरी खूप झालं. आणि संस्थांनी खर्चाच्या कागदावर मानधन पहिल्या ओळीत लिहावं, शाल उरलेल्या पैशांत.

आषाढात तिला लातूरकडं जायचंय. कुणाचा रिकामा हॉल असेल तर इनबॉक्स करा. भाडं देऊ. खिळे मारू देणार असाल तर थोडं जास्तच देऊ.