‘सात शब्द, अर्थ एकच’? नाही!

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक तक्ता सगळीकडे पोचला आहे. स्पिन, व्हर्ल, ट्वर्ल, स्वर्ल, रोटेट, रिव्हॉल्व्ह, जायरेट असे सात इंग्रजी शब्द आणि सगळ्यांपुढे एकच अर्थ: फिरणे. खाली तीन वाक्यं आहेत: ‘हे शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरा.’ ‘हे सगळे लॅटिनमधून आले.’ ‘मराठीत या सगळ्यांना फिरणे एवढा एकच शब्द आहे.’ मी इंग्रजी शिकवते. गेल्या महिन्यात एका वहीत ‘पृथ्वी सूर्याभोवती ट्वर्ल करते’ असं वाक्य सापडलं. लिहिणारी मुलगी मेहनती आहे, तिने हा तक्ता मन लावून पाठ केला होता. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

तक्त्यातलं पहिलं वाक्य, ‘बिनधास्त वापरा’. ट्वर्ल म्हणजे हलक्या हाताने, बहुधा ऐटीत फिरवणं: मिशीला पीळ देणं, छत्रीचा दांडा बोटांत फिरवणं, घेरदार झगा घालून गिरकी घेणं. पृथ्वीच्या प्रवासाला तो लागू होत नाही. स्वर्ल पाण्याचं, धुराचं, धुक्याचं. चहात दूध ओतल्यावर जे पांढरे वळसे उठतात ते स्वर्ल. व्हर्लमध्ये वेग असतो आणि ताबा सुटल्याची जाणीव असते, वावटळीत सापडलेल्या पाचोळ्यासारखी. स्पिनला मात्र आस (अक्ष) लागतो. वॉशिंग मशीनच्या बटणावर ‘स्पिन’ लिहिलेलं असतं, कारण तिथे ड्रम स्वतःभोवती जोरात फिरून कपड्यांतलं पाणी बाहेर फेकतो. त्याच जागी ‘स्वर्ल’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला आधीचा, पाण्यात कपडे घुसळण्याचा टप्पा वाटेल.

स्पिनवर जरा थांबते, कारण या तक्त्याने सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच केलं आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा गरगर फिरण्याशी संबंधच नव्हता. त्याचा अर्थ होता कातणे: लोकर ओढायची, पीळ द्यायचा, सूत काढायचं. कातताना टकळी फिरते, आणि तिच्या फिरण्यावरून ‘वेगाने फिरणे’ हा अर्थ पुढे १७व्या शतकात रुळला. कोळ्याला इंग्रजीत स्पायडर म्हणतात तेही याच धातूवरून, धागा काढतो म्हणून. स्पिन्स्टर म्हणजे आधी सूत कातणारी बाई. १७व्या शतकापासून इंग्लंडच्या कायदेशीर कागदांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे तो शब्द येऊ लागला. ‘फिरणे’ एवढंच पाठ करणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

रोटेट आणि रिव्हॉल्व्ह. शाळेच्या भूगोलात आपण हा फरक शिकलेलो असतो: परिवलन आणि परिभ्रमण. पृथ्वी स्वतःभोवती सुमारे २३ तास ५६ मिनिटांत फिरते, ते रोटेट. सूर्याभोवती सुमारे ३६५ दिवस ६ तासांत फिरते, ते रिव्हॉल्व्ह. चंद्राला दोन्हींसाठी सारखेच, सुमारे २७.३ दिवस लागतात, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. हे दोन शब्द एकच मानले तर हे वाक्य लिहिताच येणार नाही. रोजच्या बोलण्यात ही रेघ पुसट होते हे मला मान्य आहे. रिव्हॉल्व्हिंग चेअर स्वतःभोवतीच फिरते. पण विज्ञानाच्या पेपरात ती सवलत मिळत नाही.

‘सगळे लॅटिनमधून’ हेही चूक. रोटेट आणि रिव्हॉल्व्ह लॅटिन आहेत, जायरेट लॅटिनमार्गे आलेला ग्रीक. स्पिन अस्सल जुना इंग्रजी, व्हर्ल उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचा, स्वर्ल स्कॉटलंडकडचा. रोटेटच्या मुळाशी असलेला ‘रोटा’, म्हणजे चाक, हा आपल्या ‘रथ’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे, हे मात्र त्या तक्त्यात असायला हवं होतं. आणि सायक्लोन हा शब्द तर कोलकात्यात घडला. तिथे राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो सुचवला, सापाच्या वेटोळ्याचाही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून.

राहिलं मराठीचं. भिंगरी भिरभिरते, डोकं गरगरतं, नाचणारी गिरकी घेते, मंगळागौरीला पिंगा घालतात, ताक घुसळतात, आमटी ढवळतात, देवाला प्रदक्षिणा घालतात. यांतल्या कुठेही नुसतं ‘फिरणे’ पुरत नाही. घार घिरट्या घालते, तिला त्या सातांतला एकही शब्द बसत नाही. इंग्रजीत तिथे सर्कल किंवा व्हील म्हणावं लागतं. आणि भोवरा घ्या. जाळी गुंडाळून जमिनीवर फेकतो तो भोवरा, नदीच्या डोहात असतो तो भोवरा, बाळाच्या टाळूमागे केसांचा असतो तोही भोवराच. इंग्रजीत पहिला टॉप, दुसरा व्हर्लपूल, तिसरा व्होर्ल.