विमानात बसवून मागितलेलं एक मत

"तुमचं बरं आहे बाबा. एकच माणूस निवडायचा, मग चार वर्षं तो म्हणेल ती पूर्व." सांगलीहून आतेभावाचा रविवारचा फोन हल्ली याच वाक्यावर येऊन थांबतो. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी. तेव्हापासून त्याचं ठाम मत झालंय की आपल्याकडंही अध्यक्षीय पद्धत आणली की फोडाफोडी आपोआप बंद.

मी अमेरिकेत क्लीव्हलंडला राहतो. म्हणेल ती पूर्व असलेला अध्यक्ष मी अजून पाहिलेला नाही. मत मागत फिरणारा मात्र पाहिलाय.

मार्च २०१०. ओबामांचं आरोग्यविम्याचं विधेयक अडकलं होतं. आमच्या भागातले खासदार डेनिस कुसिनिच ओबामांच्याच पक्षाचे, पण आधीच्या मतदानात त्यांनी विरोधात मत दिलेलं. विधेयक विमा कंपन्यांच्याच पदरात पडतंय, असं त्यांचं म्हणणं. ओबामांनी त्यांना स्वतःच्या विमानात बसवून ओहायोला आणलं. शेजारच्या स्ट्राँग्जव्हिलला सभा झाली, ती आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर पाहिली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, बाजूनं मत द्या! ओबामा लगेच कुसिनिचकडे वळून म्हणाले, ऐकलंस का डेनिस? कँटीनमध्ये हशा. दोनच दिवसांनी कुसिनिचनी होकार जाहीर केला.

विधेयक २१९ विरुद्ध २१२ असं निसटतं पास झालं. अध्यक्षांच्याच पक्षाच्या ३४ खासदारांनी विरोधात मत दिलं, आणि त्यांची खासदारकी शाबूत राहिली! आतेभावाला हे खरंच वाटेना.

ही मनधरणी सोवळ्यातली असते असं मुळीच नाही. त्याच विधेयकाच्या वेळी नेब्रास्काच्या सिनेटरसाठी त्यांच्या राज्याला खास सवलत लिहून दिली होती; बोभाटा झाल्यावर ती काढावी लागली. साठच्या दशकातले अध्यक्ष लिंडन जॉन्सन तर समोरच्याच्या अंगावर झुकून, कोट धरून बोलत. पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांच्याच पक्षाचे दक्षिणेकडचे सिनेटर आडवे आले, तेव्हा त्यांनी विरोधी पक्षाच्या डर्कसन यांना धरलं आणि श्रेयही खुशाल घेऊ दिलं. ७१ विरुद्ध २९ मतांनी कोंडी फुटली. आणि कधी कधी काहीच उपयोग होत नाही. २०१७ मध्ये ओबामांचा तोच आरोग्यविम्याचा कायदा मोडीत काढायला निघालेल्या ट्रम्प यांनी फोन करूनही त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मॅकेन यांनी भर सभागृहात अंगठा खाली केला.

आपल्याकडे ही झकझक १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं संपवली. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की मत ठरलं; विरोधात गेलात तर सदस्यत्वावर गदा. घोडेबाजार थांबावा म्हणून केलेला कायदा, पण बाजार थांबला कुठे? किरकोळीचा ठोक झाला. एकट्यादुकट्यानं नाही म्हणायची सोय उरली नाही, म्हणून चाळीस जण एकदम सुरत, तिथून गुवाहाटी.

मला जास्त खुपतं ते दुसरंच. सभागृहात कुणाला पटवावं लागत नाही, तेव्हा ते काम पुढे रस्त्यावर निघतं. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी कायदे राज्यसभेत आवाजी मतदानानं झाले. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. एकेका खासदाराला गोंजारण्यात गेला असता, त्याहून जास्तच वेळ गेला की हा. आतेभावाला हवा तसा 'एकच माणूस' आपल्याकडे आहेच. बहुमतातला पंतप्रधान अमेरिकी अध्यक्षापेक्षा कायदे करण्यात कितीतरी बलवान.

हे सगळं ऐकून तो म्हणाला, "मग तुमचा खासदार तुझा फोन उचलतो?" नाही उचलत. ऑफिसातली एखादी कॉलेजची पोर उचलते, पिनकोड विचारते, बाजूनं की विरोधात एवढं टिपून घेते.

"आमच्या आमदाराचा नंबर माझ्या मोबाइलमधे आहे," तो म्हणाला. "बारशाला बोलवला तर येतोय." विधेयकाबद्दल कधी फोन केलायस का, असं विचारलं तर हसायलाच लागला.