‘रोज दहा मिनिटं गाडी सुरू ठेवा की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सविस्तर लिहिलंत, आभार. टोमणाही पोचला! पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या मोटरसायकलच्या बॅटरीला मेंटेनर (बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर) लावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, ही चार्जर खपवायची कामं. रोज सकाळी जागेवरच दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवलं की भागतं, तुमची जुनी बुलेट वीस वर्षं अशीच चालली आहे.

बुलेटचं मान्य. किक आहे, कार्ब्युरेटर आहे, बॅटरी अर्धमेली असली तरी दोन-चार लाथांत निघते. पण २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) सगळं विजेवर, आणि बऱ्याच गाड्यांना किकच नाही.

आता त्या दहा मिनिटांचं. सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा करंट जातो आणि आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न पिळता, तो भरून निघेलच असं नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो, बंद करायला बटणच नाही. मल्टिमीटर लावून बघा: अनेक गाड्यांत आयडलला काटा तेरा व्होल्टच्या आसपास घुटमळतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की चौदाच्या वर जातो. खरं चार्जिंग तिथे होतं. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं ते वेगळंच. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवून आणत असाल, तर चार्जर घेऊच नका. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं.

उभी गाडी बॅटरी खात नाही, हेही खरं नाही. समजा घड्याळ, ईसीयू, जीपीएस ट्रॅकर मिळून १० मिलिअँपिअर ओढतात. दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर, महिन्याला सात. बॅटरी ९ अँपिअर-अवरची! अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, मग कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी होत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दिसलं तर ठीक, १२.४ ला चार्जिंगला लावा. फेरी मारून आल्या आल्या मोजू नका, आकडा फुगलेला असतो.

तुमच्या मेकॅनिकने कारच्या चार्जरवर तासाभरात ‘फुल’ करून दिली म्हणता, ते मात्र पुन्हा करू देऊ नका. ९ च्या बॅटरीला साधारण ०.९ अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा, पुरतो. सीलबंद बॅटरीत जास्त करंट कोंबला की ती तापते, फुगते, आणि उडालेलं पाणी परत घालता येत नाही.

पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरी काढून घरात न्या, खिडकीजवळ ठेवा. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. नाहीतर प्लसवरचा पाना चासीला टेकला की ठिणग्या उडतात. लिथियम बॅटरी असेल तर वरचे व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत, तिचा चार्जर वेगळा येतो.